ऑपरेशननंतरची पहिली रात्र: दवाखान्यात ठेवायचं की घरी आणायचं?

हा प्रश्न विचारायची वेळ बहुतेकांची चुकते. नसबंदी उरकलेली असते, कुत्री गुंगीत झोकांड्या खात असते, बाहेर रिक्षा थांबलेली असते आणि तेव्हा काउंटरवर विचारणा होते, "आजची रात्र इथेच ठेवू का?" समोरचा म्हणतो, "ठेवा की, पिंजरा रिकामा आहे." तेवढ्यावर निर्णय होतो.

रस्त्यावरून उचललेली कुत्री-मांजरं घर मिळेपर्यंत मी सांभाळते. प्रत्येकाची नसबंदी करूनच पुढे देते, त्यामुळे ओळखीपाळखीतल्यांचे फोन मलाच येतात आणि तेही नेमके संध्याकाळी सहा-सातला. त्या वेळी सांगण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

इथे लिहिलेलं फक्त ठरवून केलेल्या साध्या ऑपरेशनांसाठी आहे: मादीची किंवा नराची नसबंदी, दातांची सफाई, कातडीवरची छोटी गाठ काढणं. गर्भाशयात पू होणं, सिझेरियन, अपघात, मोडलेलं हाड यांत मुक्काम किती हे डॉक्टर सांगतील तेच. तिथे माझं ऐकू नका.

## टप्पा १: तारीख घेण्याआधी विचारा, रात्री जागं कोण असतं?

"रात्री ठेवायची सोय आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "आहे" असंच येणार. सोय म्हणजे पिंजरा आणि कुलूप, हे नंतर कळतं. त्यापेक्षा असं विचारा: "रात्री दहा ते सकाळी आठ, तिच्याजवळ जागं कोण असतं?"

उत्तर आलं की मागोमाग चार प्रश्न. तो माणूस डॉक्टर आहे, ड्रेसर आहे की वॉचमन? किती वेळाने बघतो आणि बघितलेलं लिहून ठेवतो का? रात्री दोनला रक्तस्राव सुरू झाला तर डॉक्टर किती मिनिटांत पोचतील? आणि शेजारच्या पिंजऱ्यांत कोण असेल? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. लसीकरण पुरं न झालेलं पिल्लू पार्वोच्या (कुत्र्यांत झपाट्याने पसरणारा, रक्ताचे जुलाब लावणारा जीवघेणा आजार) पेशंटशेजारी रात्रभर ठेवणं हा नसबंदीपेक्षा मोठा धोका आहे.

आपल्याकडचे बरेचसे खाजगी दवाखाने सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडे असतात, रात्री शटर खाली. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना तर दिवसाच्या कामासाठीच असतो. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या ठिकाणी प्राणी भरती करून घेतात, महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय आहे. मोठ्या शहरांत चोवीस तासांचे दवाखानेही निघाले आहेत. पण नाव मोठं असलं तरी वरचे प्रश्न विचारायचेच.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. एका मांजरीला नसबंदीनंतर दवाखान्यात ठेवलं, "तिथे डॉक्टर आहेत" या समाधानात रात्री गाढ झोपले. सकाळी दहाला शटर उघडलं तर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन निघालेला आणि दोन टाके तिने चावून तोडलेले. कधी तोडले, कुणालाच ठाऊक नाही, कारण रात्री नऊनंतर तिथे कुणी नव्हतंच. डॉक्टरांनी ऑपरेशन उत्तम केलं होतं. मी विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

इशारा: "कॅमेरा लावलाय" हे उत्तर नव्हे. त्या कॅमेऱ्यात रात्री तीनला बघतं कोण, ते विचारा.

## टप्पा २: आपला प्राणी कितपत जोखमीचा, ते ठरवा

सहा महिने ते पाच-सहा वर्षांचा, बेताच्या वजनाचा, रक्ताचा रिपोर्ट चांगला असलेला प्राणी सहसा त्याच संध्याकाळी घरी येतो, आणि ते बरोबरच आहे. ओळखीच्या वासात तो लवकर शांत होतो. मांजरांच्या बाबतीत हे दुप्पट खरं. परक्या जागी भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या शेजारी ठेवलेलं मांजर खात नाही, लघवी धरून ठेवतं आणि कोपऱ्यात अंग चोरून बसतं. मग ते दुखण्याने की भीतीने, हे सांगणं डॉक्टरांनाही अवघड जातं.

या प्राण्यांबाबत मात्र रात्रीच्या देखरेखीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला:

- चपट्या तोंडाचे: पग, शिह त्झू, बुलडॉग, पर्शियन मांजर. यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद, आणि गुंगीत घशाचे स्नायू सैल पडले की ती आणखी आवळते.
- सात-आठ वर्षांपुढचे, फार लठ्ठ, किंवा हृदय, मूत्रपिंड, मधुमेह, फिट यांपैकी काही असलेले.
- माजावर असलेली किंवा गाभण मादी. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्रावाची शक्यता वाढते. घाई नसेल तर माज उतरून काही आठवडे जाऊ द्या.
- एक वृषण पोटातच राहिलेला नर. "नराचंच तर आहे" म्हणून लोक निर्धास्त असतात, पण इथे पोट उघडावं लागतं. काळजी मादीसारखीच घ्यायची.
- अगदी लहान, किलो-दोन किलोची पिल्लं. यांची साखर आणि अंगातली ऊब दोन्ही झपाट्याने उतरतात.

आता गोचीड ताप. याला वेगळा परिच्छेद द्यायलाच हवा, कारण आपल्याकडे हा आजार कुत्र्यांत फार आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही तो लपून असतो. त्यात रक्तातल्या प्लेटलेट घटतात, म्हणजे रक्त गोठायला अडचण. भूल छान उतरते, टाके छान दिसतात आणि रात्री आतल्या आत रक्त झिरपत राहतं. म्हणून ऑपरेशनआधी रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या आणि प्लेटलेटचा आकडा स्वतः वाचा. निरोगी कुत्र्यात तो साधारण दोन लाखांच्या वर असतो. बराच खाली दिसला तर "दवाखान्यात ठेवू की घरी" हा प्रश्नच बाजूला ठेवा. आधी उपचार, तारीख पुढे. तपासणीचे पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

तपासा: टप्पा १ आणि टप्पा २ ची उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. जोखीम कमी आणि दवाखान्यात रात्री कुणी नाही, तर घरी. जोखीम जास्त आणि तिथे खरंच कुणी जागं, तर मुक्काम. जोखीम जास्त आणि तिथे कुणी नाही, तर दवाखानाच दुसरा शोधा. या तिसऱ्या खणात लोक "असू दे, होईल काहीतरी" म्हणतात. म्हणू नका.

## टप्पा ३: घराची बाजू प्रामाणिकपणे बघा

घरी आणायचं तर रात्री उठणारा एक माणूस लागतो. "आम्ही सगळे आहोत" म्हणजे कुणीच नाही. नाव ठरवा. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचं काम नको.

रात्री उघडा असलेला दवाखाना किती लांब आहे? अर्ध्या-पाऊण तासात पोचता येत असेल तर ठीक. तुम्ही घाटापलीकडच्या गावात राहत असाल, रात्री वाहन मिळत नसेल, पावसाळ्यात रस्ता तुंबत असेल, तर घरी आणणं हा शहाणपणा नाही. अशा वेळी लोकांना दोनच पर्याय दिसतात. तिसराही आहे: त्या रात्री दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे तुम्ही आणि ती, दोघांनी मुक्काम करा. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी लॅब्रेडॉरला घेऊन बहिणीच्या वन-रूम-किचनमध्ये रात्र काढली. बहीण थोडी कुरकुरली, पण कुत्री आरामात झोपली.

चौथा मार्गही विचारून बघा. दवाखाना बंद होईपर्यंत, म्हणजे रात्री आठ-साडेआठपर्यंत तिथेच ठेवायचं आणि डॉक्टरांनी शेवटची तपासणी करून सोडायचं. भुलेनंतरचे पहिले काही तास सगळ्यात नाजूक, आणि ते तिथेच जातात.

"रस्त्यावरच्या कुत्र्यांना नसबंदीनंतर केंद्रात काही दिवस ठेवतात, मग माझीला संध्याकाळीच का सोडतात?" असंही विचारलं जातं. त्या कुत्र्यांना सोडायचं ते थेट रस्त्यावर, जखम बघायला आणि औषध द्यायला कुणी नसतं. तुमच्या कुत्रीला घर आहे.

## टप्पा ४: वार आणि वेळ

सकाळची पहिली वेळ मागा. अनेक दवाखाने दोन ओपीडींच्या मधल्या दुपारच्या वेळात ऑपरेशन घेतात. चारला टेबलावरून उतरलेली कुत्री रात्री दवाखाना बंद होताना अर्धवट शुद्धीत असते आणि मग "ठेवू की नेऊ" हा पेच मुद्दाम तयार केल्यासारखा होतो. सकाळी दहाचं ऑपरेशन असेल तर संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट होतं.

शनिवार सोयीचा वाटतो, पण रविवारी दवाखाना बंद असेल तर दुसऱ्या दिवसाची तपासणी हुकते. दिवाळीचा आठवडा पूर्ण टाळा. फटाक्यांना बिचकून पलंगाखाली घुसणारी कुत्री टाके उसवून घेते. पावसाळ्यात करावंच लागलं तर जखम कोरडी ठेवणं आणि माश्या बसू न देणं यासाठी घरात जाळीची खोली हवी. ओल्या जखमेत अळ्या पडायला फार वेळ लागत नाही.

## टप्पा ५: आदल्या आठवड्याची तयारी

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते.

रोज एकदा तिचा ओठ वर करून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हे आज बघून ठेवलंत तरच त्या रात्री "फिकट आहे का?" याला उत्तर असेल. काही कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात. त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा.

ती गाढ झोपलेली असताना छाती अर्ध्या मिनिटात किती वेळा वर होते ते मोजा आणि दुप्पट करा. कुत्रा असो वा मांजर, झोपेत साधारण १५ ते ३० भरतं. आकडा फ्रिजवर लिहून चिकटवा.

कोन आधीच आणा आणि रोज थोडा वेळ घालायची सवय लावा. कोन घालून तिला वाडग्यातलं पाणी पिता येतं ना, हेही बघा. डिजिटल थर्मामीटर वेगळा घ्या आणि गुदद्वारातून ताप कसा बघायचा ते डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमान १०० ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्याला ताप वाटेल तो त्यांना नसतो.

जागा जमिनीवर करा, सोफ्यावर किंवा पलंगावर नाही. मांजरासाठी उंच कपाटं, माळा, खिडकीची कड नसलेली छोटी खोली. लिफ्ट नसेल तर तीस किलोच्या कुत्रीला तिसऱ्या मजल्यावर उचलून कोण नेणार, हेही आधीच ठरवा.

## टप्पा ६: ऑपरेशनचा दिवस आणि ताब्यात घेण्याआधीची तपासणी

मोठ्या प्राण्याला आदल्या रात्री दहानंतर खायला देऊ नका. पाणी कधी बंद करायचं ते डॉक्टरांना विचारा. पहाटेपर्यंत सहसा चालतं. लहान पिल्लांना मात्र रात्रभर उपाशी ठेवू नका, त्यांची साखर घसरते. त्यांच्यासाठी वेळ डॉक्टरच ठरवून देतील. "एक बिस्कीटच तर दिलं" ही कबुली लाजत का होईना, भूल देण्याआधी द्या. गुंगीत उलटी श्वासनलिकेत गेली तर प्रकरण जिवावर बेततं.

संध्याकाळी न्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी बघा:

1. हाक मारली की मान वर करते आणि चार पावलं स्वतः चालते. झोकांडी चालेल, लोळागोळा चालणार नाही.
2. हिरड्या तुमच्या ओळखीच्या गुलाबी आहेत.
3. तापमान डॉक्टरांना तुमच्यासमोर बघायला सांगा. ९९ च्या खाली असेल तर तिथेच ऊब देत थांबवा.
4. जखम कोरडी आहे. उजेडात तिचा फोटो काढा. रात्री दोनला "एवढी सूज होती का?" असा वाद नवऱ्याशी घालण्यापेक्षा फोटो बरा.
5. कागदावर लिहून घ्या: दुखण्याचं इंजेक्शन कोणतं, किती वाजता दिलं, पुढचा डोस कधी.
6. पायात सलाइनची सुई तशीच ठेवली आहे का? ठेवली असेल तर ती कोण आणि कधी काढणार?
7. रात्रीचा फोन नंबर. तो तिथेच उभं राहून लावून बघा.

यातलं पहिलं, दुसरं, तिसरं किंवा चौथं जमत नसेल तर घरी न्यायचं ठरलेलं असलं तरी थांबा. ठरवलेला निर्णय फिरवायची हीच शेवटची सोपी जागा.

इशारा: दुचाकीवर आणू नका. गाडी किंवा रिक्षा, सोबत एक जादा माणूस, मांजर असेल तर पिंजऱ्याच्या टोपलीतच.

## टप्पा ७: घरी आणलं तर रात्र अशी काढा

पहिले दोन तास दर पंधरा-वीस मिनिटांनी, मग मध्यरात्रीपर्यंत तासाने, पुढे दोन-तीन तासांनी गजर लावून. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी: हिरड्या, श्वास, जखम. वहीत वेळेसकट लिहा. डॉक्टरांना फोन करायची वेळ आली तर "मघाशी बरी होती" यापेक्षा "श्वास अकराला २४, एकला ३८" याचा त्यांना उपयोग होतो.

आल्या आल्या पाणी थोडंसं. तासाभरात उलटी झाली नाही तर नेहमीच्या जेवणाच्या चौथाई: मऊ भात, उकडलेलं चिकन किंवा तिचं रोजचं खाणं. दूध नको. एकदा उलटी झाली तर घाबरू नका, वाटी उचला आणि सकाळपर्यंत थांबा.

कुडकुडत असेल तर चादर पांघरा, पंखा बंद करा. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका. गुंगीत ती सरकू शकत नाही, चटका बसल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं. पहिले काही तास विव्हळणं बऱ्याचदा भुलेच्या धुंदीतलं असतं. जवळ बसून हळू बोललं की शांत होते. तासन् तास चालू राहिलं, पोटाला हात लावू देत नसेल, तर ते दुखणं समजा आणि फोन करा.

आता घरगुती उपाय, ज्यांनी माझ्या डोक्याला खरा ताप दिलाय. जखमेवर हळद नाही, खोबरेल तेल नाही, माणसांचं मलम नाही. आणि क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन यांतलं काहीही नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयब्रुफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, दिलेल्या मापात, बस.

यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका:

- हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर.
- झोपेतला श्वास सतत ४० च्या वर, किंवा घरघर करत ओढून घेतलेला.
- जखमेतून टपटप रक्त, किंवा पोट फुगत चाललेलं. चादरीवर गुलाबी दोन थेंब चालतात, चादर भिजली तर नाही.
- आधी उठत होती आणि आता उठवूनही उठत नाही. हे सगळ्यात फसवं. "दमलीय, झोपू दे" म्हणून लोक दिवा मालवतात. भूल उतरत जाते तशी ती तासागणिक जास्त सावध व्हायला हवी. उलट दिशेने जात असेल तर उचला आणि निघा.

## टप्पा ८: दवाखान्यात ठेवलं तर

ठेवून निघून यायचं नसतं. तिची घरची चादर द्या. कोन तुमच्या हाताने बांधा आणि दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा. पिंजऱ्यावर तुमचा नंबर मोठ्या अक्षरात लावा आणि फोन रात्री सायलेंटवर टाकू नका.

एक गोष्ट आधीच लिहून द्या: रात्री रक्तस्राव झाला आणि तुमचा फोन लागला नाही, तर तुमच्यासाठी न थांबता पुढचे उपचार करावेत. या परवानगीअभावी वेळ जाऊ नये.

दवाखाना बंद व्हायच्या वेळी एकदा जाऊन बघा, किंवा निदान त्या वेळचा फोटो मागवा. सकाळी उघडायच्या वेळी हजर राहा आणि टप्पा ६ मधली तपासणी तशीच पुन्हा करा. रात्री लिहून ठेवलेला कागद मागा. तो कोरा असेल तर पुढच्या वेळी टप्पा १ चा निकाल काय लावायचा, ते तुम्हाला कळलेलं असेल.

## दुसऱ्या दिवशी

सकाळी तिने थोडं खायला हवं आणि चोवीस तासांच्या आत लघवी व्हायला हवी. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतो आणि काही होत नाही, असं दिसलं तर लगेच दवाखाना. शी एक-दोन दिवस झाली नाही तरी चालेल, पोट रिकामंच होतं. मांजराने दिवसभर तोंडही लावलं नाही तर फोन करा.

टाके काढायचे असतील तर साधारण १० ते १४ दिवसांनी. तोवर आंघोळ नाही, जिने नाहीत, उड्या नाहीत, फिरणं फक्त पट्ट्याला धरून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती एवढी टुणटुणीत होते की कोन काढायचा मोह होतो, आणि टाके तोडायची वेळही हीच. दुसऱ्या रात्रीपासून तुम्ही झोपा. कोन तिच्या गळ्यात राहू द्या.